शांघायची चौकडी

'चौकडी' ह्या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा उरलेली नाही. चार उनाड पोरे पारावर जमली की गाव त्यांना चौकडी म्हणतो, आणि त्यांनी कुणाचे वाटोळे करायचे मनावर घेतले की तीच चांडाळचौकडी ठरते. चीनच्या आधुनिक इतिहासातील कुप्रसिद्ध चौघांनाही, म्हणजे माओची पत्नी च्यांग छिंग व तिचे तीन साथीदार ह्यांनाही, आपण चौकडी म्हणूनच ओळखतो. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत चीनमध्ये काय गावे, काय वाजवावे, काय ऐकावे ह्याचा निर्णय मुख्यतः ह्या बाईंच्या हाती होता. माओच्या निधनानंतर महिन्याभरातच, ६ ऑक्टोबर १९७६ रोजी, चौघांना अटक झाली. त्यानंतर सात वर्षांनी, १९८३ साली, शांघायच्या संगीत महाविद्यालयात चार तरुण विद्यार्थी एकत्र आले व त्यांनीही आपली एक चौकडी बांधली. त्यांच्या हाती दोन व्हायोलिने, एक व्हायोला व एक चेलो होता. त्या चौकडीची, आणि ती जन्माला येण्यासाठी ज्यांनी मोल मोजले त्यांची, कथा येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ह्या वाद्यमेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. चार तंतुवाद्यांचा हा मेळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रियात बहरला. जोसेफ हायडन ह्या संगीतकाराने त्याला घाट दिला, मोझार्ट व बीथोव्हन ह्यांनी त्याला खोली दिली. बीथोव्हनच्या अखेरच्या वर्षांतील ह्या प्रकारच्या रचना पाश्चात्य संगीताचे शिखर मानल्या जातात. वाद्यवृंदात साठ-सत्तर, कधी शंभर वादक असतात. सोळा व्हायोलिने एकच ओळ वाजवीत असतात आणि सर्वांची नजर निर्देशकाच्या छडीकडे लागलेली असते. चौकडीत छडी नाही. प्रत्येकाची ओळ निराळी, आणि ती वाजविणारा तो एकटाच. चूक झाली तर ती शेजाऱ्याच्या आवाजाखाली झाकली जात नाही. केव्हा थांबावे, केव्हा पुढे व्हावे, केव्हा दुसऱ्याला वाट द्यावी हे एकमेकांचे श्वास ऐकून ठरवावे लागते. जर्मन महाकवी गटे ह्याने १८२९ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात ह्या वादनाला चार समंजस माणसांच्या संभाषणाची उपमा दिली होती. आपल्याकडील जुगलबंदीत दोघे कलावंत एकाच रागाच्या अंगणात आळीपाळीने खेळतात. येथे चौघे एकाच वेळी बोलतात, आणि तरीही गोंगाट होत नाही. वाद्यवृंदात नोकरी करणारे अनेक वादक संध्याकाळी कुणाच्या तरी घरी चौघे जमून हे संगीत वाजवितात, त्याचे कारण हेच. दिवसभर आज्ञा पाळणाऱ्याला येथे स्वतःचा आवाज सापडतो.

असे हे संगीत चीनमध्ये पोचले कसे? पाश्चात्य स्वरांची पहिली खेप तेथे नेणारी मंडळी आपल्या वाचकांच्या परिचयाची आहेत, आणि त्यांची वाट आपल्या किनाऱ्यावरून गेलेली आहे. येशूसंघीय धर्मगुरू मात्तेओ रिच्ची १५७८ साली गोव्यात उतरले, १५८० साली कोचीनला त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि तेथून ते मकावमार्गे चीनमध्ये शिरले. १६०१ च्या आरंभी ते बीजिंगला पोचले तेव्हा त्यांनी वानली सम्राटाला दिलेल्या भेटींत घड्याळांबरोबर एक तारांचे पट्टीवाद्यही होते. ते वाजवावे कसे हे दरबारातील खोजांना शिकविण्याचे काम त्यांचे सहकारी फादर दिएगो दे पांतोहा ह्यांच्याकडे आले, आणि त्या सुरांवर गाता यावीत अशी आठ नीतिपर गीते रिच्ची ह्यांनी स्वतः चिनी भाषेत रचून दिली.

त्यांच्यानंतर आलेले फादर तोमास परेरा हे पोर्तुगीज. हे आडनाव तर वसईकरांना घरचेच वाटेल. तेही गोव्याच्या वाटेनेच पूर्वेकडे आले आणि १६७३ साली बीजिंगला पोचले. खांगशी सम्राट त्यांच्या संगीतज्ञानावर लुब्ध होता. त्यांनी चर्चसाठी ऑर्गन बांधला आणि पाश्चात्य संगीतशास्त्रावर चिनी भाषेत लेखन केले. १७११ साली लाझरिस्ट संघाचे इटालियन धर्मगुरू फादर तेओदोरिको पेद्रिनी आले. सम्राटाच्या मुलांना त्यांनी संगीत शिकविले, आणि व्हायोलिन व खर्जाची साथ ह्यांसाठी बारा सोनाटा लिहिले. त्यांचे हस्तलिखित आजही बीजिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. चार-दोन माणसांनी खोलीत बसून वाजवायचे संगीत चीनमध्ये लिहिले गेले त्याला अशी जवळजवळ तीनशे वर्षे झाली.

तरीही हे रोप तेथे रुजले नाही, ह्याचे कारण आपण प्रामाणिकपणे समजून घेतले पाहिजे. ते राजाच्या दिवाणखान्यात लावलेले होते. सम्राटाला कौतुक होते तोवर त्याला पाणी मिळाले. पूर्वजपूजेच्या विधींवरून रोम आणि चीनचा दरबार ह्यांच्यात वितुष्ट आले, १७२४ साली युंगचंग सम्राटाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, आणि १७७३ साली खुद्द येशूसंघच विसर्जित करण्यात आला. दरबारातील वाद्यांचा आवाज भिंतींबाहेरच्या सामान्य चिनी माणसापर्यंत कधी पोचलाच नाही. भेट म्हणून दिलेले संगीत आणि शिकविलेले संगीत ह्यांत फार अंतर असते.

शिकविण्याचे काम सुरू झाले ते शांघायमध्ये, आणि तेही मोठ्या अडचणीतून. अफूच्या युद्धानंतर परकीयांच्या वसाहती तेथे उभ्या राहिल्या. १८७९ साली त्या वसाहतीसाठी एक सार्वजनिक बँड स्थापन झाला. त्यातील वादक प्रामुख्याने फिलिपाइन्सहून आणलेले होते. पुढे १९१९ साली मारिओ पाची हे इटालियन पियानोवादक त्याचे निर्देशक झाले व त्यांनी त्या बँडचे रूपांतर पूर्ण वाद्यवृंदात केले. १९४२ पर्यंत ते त्या पदावर होते. चीनच्या भूमीवर, चिनी करदात्यांच्याही पैशावर चालणाऱ्या ह्या वाद्यवृंदात पहिली कित्येक वर्षे एकही चिनी वादक नव्हता. १९२७ साली थान शूचेन हा वीस वर्षांचा व्हायोलिनवादक त्यात बसला आणि ती भिंत फुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिक्षणतज्ज्ञ त्साय युआनपेय व संगीतकार श्याओ योमेय ह्यांनी शांघायला संगीत महाविद्यालय स्थापन केले. पाश्चात्य पद्धतीने उच्च संगीतशिक्षण देणारी चीनमधील ती पहिली संस्था.

ह्या संस्थेत आणि तिच्याभोवती शिकविणारे बहुतेक परके शिक्षक स्वतः बेघर झालेले होते. बोल्शेव्हिक क्रांतीनंतर रशियातून पळालेले वादक तेथे आले. १९३८ नंतर हिटलरच्या छळातून सुटलेले ज्यू आले, कारण प्रवेशपरवान्याची अट न घालणारे शांघाय हे जगातील फार थोड्या बंदरांपैकी एक होते. बर्लिनमध्ये नाव मिळविलेले वृद्ध व्हायोलिनवादक आल्फ्रेड विटेनबर्ग त्यांच्यापैकीच. त्यांनी चिनी मुलांना शिकविले आणि १९५२ साली शांघायमध्येच देह ठेवला. सम्राटाला भेट देण्यासारखे ह्या माणसांजवळ काहीही नव्हते. शिकवण्या करून पोट भरणे भाग होते, म्हणून त्यांनी शिकविले. आणि जे दरबारात रुजले नाही ते भाड्याच्या खोल्यांत रुजले.

१९४९ च्या सत्तांतरानंतर नव्या राजवटीने आरंभी ह्या संगीताला हद्दपार केले नाही. उलट सोव्हिएत रशियाच्या अनुकरणाने वाद्यवृंद उभारले, विद्यार्थी स्पर्धांना पाठविले. शांघायच्या महाविद्यालयातील चार मुलींनी एक चौकडी बांधली : यू लीना, डिंग झिनुओ, शेन शिदी आणि लिन यिंगरोंग. ह्यांपैकी यू लीना हिने मे १९५९ मध्ये 'फुलपाखरू प्रेमिक' ही चिनी लोककथेवरील व्हायोलिन-रचना प्रथम सादर केली होती व ती रात्रीत देशभर प्रसिद्ध झाली होती. १९६० साली ह्या चौघी पूर्व बर्लिनला शूमान स्पर्धेत उतरल्या आणि चौथा क्रमांक घेऊन परतल्या. जर्मनांच्या संगीताची परीक्षा जर्मनांच्या अंगणात देऊन आलेल्या ह्या चार चिनी मुली! चीनमधील चौकडी-वादनाचा खरा आरंभ आम्ही येथे मानतो.

पुढे सहा वर्षांनी सांस्कृतिक क्रांती आली. बीथोव्हन भांडवलदार ठरला, व्हायोलिन शिकविणारे जनतेचे शत्रू ठरले. शांघायचे महाविद्यालय हे तर छळछावणीच झाले. तेथील अनेक शिक्षकांनी आत्महत्या केल्या. गू शंगयिंग ह्या तरुण पियानोवादिकेने ३१ जानेवारी १९६७ रोजी आपली आई व भाऊ ह्यांच्यासह जीवन संपविले. महाविद्यालयाचे प्रमुख हे लूटिंग ह्यांना दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर उभे करून धिक्कारण्यात आले, तेव्हा त्यांनी सर्वांदेखत आपण निर्दोष असल्याचे ओरडून सांगितले. आणि वाद्यवृंदातील तो पहिला चिनी, थान शूचेन, आता साठीला टेकलेला! त्याला जिन्याखालच्या एका अंधाऱ्या कोठडीत चौदा महिने कोंडून ठेवले.

परंतु ह्या सर्वांत एक नाव आपल्या वाचकांनी विशेष करून ध्यानात ठेवावे असे आहे. ते म्हणजे लू होंगअन. शांघायच्या एका कॅथलिक घरात १९१९ साली त्यांचा जन्म झाला. शांघाय सिंफनी वाद्यवृंदात ते प्रथम नगाऱ्यावर बसले व पुढे निर्देशक झाले. १९६६ साली, जे सर्वांना दिसत होते पण बोलवत नव्हते ते त्यांनी उघड बोलून दाखविले आणि त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. तेथेही ते माफी मागेनात. २७ एप्रिल १९६८ रोजी त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले. लिऊ वेनचुंग हा तरुण त्यांच्या कोठडीत होता. त्याने पुढे लिहून ठेवलेली हकीकत अशी की, मरणापूर्वी लू ह्यांनी त्याच्याकडे दोन गोष्टी मागितल्या : आपल्या मुलाचा शोध घ्यावा, आणि कधी देशाबाहेर पडता आले तर व्हिएन्नाला जाऊन बीथोव्हनच्या समाधीवर फुले वाहावीत व त्याला सांगावे की तुझा एक चिनी शिष्य तुझी 'मिस्सा सोलेम्निस' गुणगुणत मरणाला सामोरा गेला. कित्येक वर्षांनी लिऊ खरोखरच व्हिएन्नाला गेला आणि त्याने ती फुले वाहिली.

लू ह्यांना बीथोव्हनच्या नऊही सिंफनी तोंडपाठ असणार. अखेरच्या क्षणी त्यांनी निवडली ती मिस्साची रचना, ह्यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. ज्याच्या लेखी मिस्सा म्हणजे केवळ संगीत नाही, त्याला ते सांगावे लागणार नाही.

अशा ह्या काळात एक विलक्षण विसंगतीही होती. च्यांग छिंगच्या 'आदर्श' क्रांतिनाट्यांना व नृत्यनाट्यांना पाश्चात्य वाद्यांची साथ हवी होती. त्यामुळे बीथोव्हन बंद असला तरी व्हायोलिन पूर्णपणे बंद झाले नाही. बोटे तयार असलेल्या मुलांना अशा मंडळींत जागा मिळे व शेतावर पाठविले जाण्यापासून सुटका होई. घराघरांतून वादक आई-बाप आपल्या लेकरांना हलक्या हाताने शिकवीत राहिले. शांघायच्या अशाच एका वादक दांपत्याने आपल्या दोन मुलांच्या हाती व्हायोलिन दिले. होंगगांग व वेइगांग ही ती मुले. धाकटा वेइगांग त्या वेळी पाच वर्षांचा होता.

१९७७ च्या २६ मार्चला बीथोव्हनच्या मृत्यूला दीडशे वर्षे झाली. त्या दिवशी बीजिंगच्या केंद्रीय वाद्यवृंदाने ली दलुन ह्यांच्या निर्देशनाखाली त्याची पाचवी सिंफनी वाजविली, आणि देशाला कळले की दार उघडले आहे. त्याच वर्षी बीजिंगचे संगीत महाविद्यालय पुन्हा सुरू झाले. पाचशेहून अधिक उमेदवारांतून ज्यांची निवड झाली त्यांत होंगगांग ली होता. १९७९ साली थोर व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न चीनला आले. त्या भेटीवरील माहितीपटाला पुढे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात महाविद्यालयाच्या उपप्रमुखपदी पुन्हा आलेले वृद्ध थान शूचेन शांतपणे आपल्या कोठडीची कथा सांगतात. त्याच चित्रपटात पोरसवदा वेइगांगही दिसतो. एका चित्रपटात ह्या दोन पिढ्या समोरासमोर येतात. मधली पिढी कोठे गेली हा प्रश्न पाहणाऱ्याने स्वतःला विचारायचा.

१९८३ साली हे दोघे भाऊ शांघायच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असताना त्यांनी आणखी दोघांना घेऊन चौकडी बांधली आणि तिला आपल्या शहराचे नाव दिले. वारे अजून पुरते स्थिर नव्हते. त्याच वर्षी थान दुन ह्या तरुण संगीतकाराच्या चौकडी-रचनेला जर्मनीत ड्रेस्डेन येथे पारितोषिक मिळाले, आणि घरी मात्र 'आध्यात्मिक प्रदूषण' म्हणून तिच्यावर झोड उठली. शांघाय चौकडी १९८५ साली इंग्लंडमध्ये पोर्टस्मथच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली व दुसरी आली. बर्लिनच्या चार मुलींना पंचवीस वर्षे झाली होती. त्या पंचवीस वर्षांत एक चौकडी बांधून ती टिकविणे चीनमध्ये शक्य झाले नव्हते, हा त्या क्रांतीचा एक छोटासा हिशेब.

पुढे बंधू अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी जुन्या चौकड्यांतील ज्येष्ठांकडे शिक्षण घेतले. रिचमंडच्या विद्यापीठात आणि मग न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे दीर्घकाळ निवासी वादक म्हणून काम केले. होंगगांगने व्हायोलिन ठेवून व्हायोला हाती घेतला. चौकडीत मधला आवाज सांभाळण्यास कुणी तरी लागतोच, आणि तो फारसा कुणाच्या कानी पडत नाही. १९९४ साली बीजिंगच्या वादक घराण्यातील यिवेन च्यांग आले, २००० साली चेलोवर निकोलस झावारस हे अमेरिकन आले. बीथोव्हनच्या सर्व चौकड्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. झोउ लाँग ह्यांच्यासारख्या चिनी रचनाकारांच्या कृतीही त्यांनी आपल्या संग्रहात घेतल्या. १९८२ साली झोउ लाँग ह्यांनी लिहिलेल्या एका चौकडीत ही चार पाश्चात्य वाद्ये चीनच्या प्राचीन सप्ततंत्री 'छिन'चा आवाज काढतात. तारा ओढून, छेडून, मींड घेऊन. पोलंडचे विख्यात संगीतकार क्रिझिस्टोफ पेंडेरेत्स्की ह्यांनी आपली तिसरी चौकडी ह्याच मंडळींसाठी लिहिली व ती २००८ साली प्रथम वाजविली गेली. २०२० साली चौकडीने अमेरिकेतील बस्तान आवरले आणि तिएनजिन येथे नव्याने उघडलेल्या जुलियार्ड संगीतशाळेत शिकविण्यास ती चीनला परतली. शांघाय सिंफनीशीही तिचे निवासी नाते जुळले होते. ज्या वाद्यवृंदात थान शूचेन एकटा चिनी म्हणून बसला होता आणि ज्याचा निर्देशक मिस्सा गुणगुणत मेला, तोच हा वाद्यवृंद.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्याही दाराशी येऊन उभा राहतो. हे संगीत परकीय नाही काय? लू होंगअन ह्यांच्या मारेकऱ्यांनी हाच प्रश्न बंदुकीने विचारला होता. आपल्या चर्चच्या माडीवरून व्हायोलिन ऐकू येते तेव्हा तोच प्रश्न सौम्य शब्दांत आपल्यालाही विचारला जातो. ह्याला आमचे उत्तर असे की, वाद्याला जन्मगाव असते, पण जात नसते. दोनशे वर्षांपूर्वी हेच व्हायोलिन कर्नाटक संगीताने मांडी घालून आपलेसे केले. आमच्या व्ही. जी. जोगांनी त्यावर हिंदुस्थानी राग गायिले. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकलेली मुले मुंबईला आली आणि तेथील वाद्यवृंदांचा कणा झाली. १९४० साली मेहली मेहतांनी मुंबईतही एक चौकडी स्थापन केली होती. ह्यांपैकी कुणीही त्यामुळे कमी भारतीय झाला नाही. थान शूचेन तर पुढे स्वतः व्हायोलिन घडवू लागले आणि त्यांनी ती विद्या महाविद्यालयात रुजविली. ज्या लाकडाला आपल्या हातांनी आकार दिला ते परके कसे?

ह्या कथेतून आम्हांस स्वतःसाठी एक बोध घ्यावासा वाटतो. सम्राटाच्या कृपेने आलेले संगीत कृपा संपताच गेले. निर्वासितांनी शिकविलेले, आई-बापांनी दारे लावून मुलांच्या बोटांत उतरविलेले मात्र बंदुकीलाही पुरून उरले. आपल्या गावांत आज जुने व्हायोलिन-मास्तर एकेक करून जात आहेत, आणि चर्चमधील त्यांच्या जागी कळ दाबली की वाजणारे यंत्र येत आहे. यंत्राशी आमचे वैर नाही. पण यंत्राला शेजाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही. गावात चार मुले जरी अशी निघाली, की जी आठवड्यातून एक संध्याकाळ समोरासमोर बसून, एकमेकांना वाट देत वाजवतील, तर त्यांना चौकडी म्हणताना कुणी नाक मुरडू नये. त्या शब्दाची गेलेली प्रतिष्ठा परत मिळविण्याचे काम शांघायच्या चौघांनी आरंभिलेलेच आहे.